हैदराबादी काचांचा भाव

माझी लेक पुण्यात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी मोबाईलवर लढाया लढते. लढाई जिंकली की लूट मिळते म्हणे. तलवार, चिलखत, कसली कसली अंगठी. दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं मला एक ढाल दाखवली. "आई, ही लय कमी जणांकडं आहे. मी विकत घेतली, आता पुन्हा विकली तर जास्त येतील." मी चष्मा लावून बघितलं. हात लावायची सोय नाही, घरात टांगायची सोय नाही, आणि भाव मात्र सोन्याचा! मी विचारलं, "बाई, परवडतं का तुला हे? दुसऱ्यानं लुटलेलं घ्यायचं नि तिसऱ्याला विकायचं?" तर म्हणते, "जाऊ दे आई, तुला नाही कळायचं ते."

मला नाही कळायचं! हातातला लाडू मी तसाच ताटात ठेवला. अगं, तुझ्या मावशीनं हा धंदा आपल्या बोरी गावात केलाय, तुझा जन्मसुद्धा नव्हता तेव्हा. आणि तिच्यासारखी व्यापारीण उभ्या परभणी जिल्ह्यात झाली नाही, हे मी तिची बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तिच्याशी मी जन्मभर भांडलेय. पण खरं ते खरं.

आमची लूट काचांची. काचा म्हणजे बांगड्यांचे तुकडे, नि खेळ काचापाणी. मारुतीच्या पारामागं फरशीवर कोळशानं गोल काढायचा. सगळ्याजणींनी आपापल्या काचा द्यायच्या, एकीनं त्या ओंजळीत घेऊन गोलात सोडायच्या. मग बोट जिभेला लावून ओलं करायचं नि एकेक काच हळूच गोलाबाहेर ओढायची. शेजारच्या काचेला धक्का लागला की चारी बाजूंनी गिल्ला, "हालली! हालली!" आणि डाव गेला. जेवढ्या बाहेर काढल्या तेवढ्या तुझ्या. आणि खेळ रंगात असताना गुरुजी दिसले, गाय सुटली, कुणाची माय हाका मारत आली, तर जी आधी "लूट!" म्हणून ओरडेल तिच्यासकट सगळ्यांनी गोलावर तुटून पडायचं. जे हाताला लागेल ते जिचं तिचं. लुटीनंतर निम्म्या पोरींची बोटं कापलेली असायची.

एक नियम खेळाबाहेरचा होता. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, बांगडी वाढली म्हणायचं. मी लहान असताना एकदा मायची बांगडी उखळाला आपटली नि मी आनंदानं किंचाळले, "माय, तुझी बांगडी फुटली! मला दे ना!" फाडकन थोबाडीत बसली. "फुटो तुझं तोंड! वाढली म्हण, वाढली." मी गाल चोळत वाढली म्हटलं नि तुकडे गोळा केले. हा धडा माझ्या डोक्यात इतका पक्का बसला की पुढं शाळेत गुरुजींनी विचारलं, "झाडाला आठ आंबे होते, दहा झाले, तर काय वाढलं?" तेव्हा मी उठून सांगितलं, "दोन आंबे फुटले गुरुजी." वर्ग आठ दिवस हसत होता. मी त्यातल्या दोघींच्या झिंज्या उपटल्या, तेव्हा हसायच्या थांबल्या.

आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. खेळात ठार ढ. तिची बोटं जाडजूड, एक काच ओढायला गेली की सगळा गोल हालायचा. दुसरी एखादी रडत घरी गेली असती. आक्कानं काय करावं? खेळायचंच सोडलं, आणि दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा घेऊन पाराच्या पायरीवर बसायला लागली. माझी बोटं बारीक, मी जिंकायचे, ती विकायची. कुणाला लाल पाहिजे, कुणाला जांभळी, कुणाला बहिणीच्या लग्नातल्या चुड्याची आठवण म्हणून एक हिरवी. आक्काला सगळ्या गावाच्या हौशी तोंडपाठ. एका लालच्या तीन साध्या, एका चमकीवालीच्या पाच साध्या. पैशाचा संबंध नाही, काचेला काच. कड उडालेली असली तर आपण होऊन दाखवायची, "बग, हितं उडलीय. मग म्हनू नको आक्कानं फसवलं." त्यामुळं तिच्याकडं दोन जादा पडल्या तरी पोरी तिच्याकडंच यायच्या.

लुटीत तिनं एकदाही हात घातला नाही. मी आपली गोलावर झेप घ्यायचे, कोपर मारायचे, रक्त काढून घ्यायचे नि दोन-चार काचा घेऊन फुशारकी मारत यायचे. आक्का पायरीवरच. खेळ मोडला की फाटक्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन उठायची नि ज्यांची बोटं कापली त्यांना बांधत फिरायची. चिंधी बांधून झाली की विचारायची, "ती निळी ठिवायलीस का देयलीस?" रडणारी पोरगी पटकन द्यायची. मी एकदा म्हणाले, "लय लबाड हायस तू." तर म्हणाली, "लबाड कशाची? चिंधी फुकट, काच मोलानं. फुकट मी कुनाचंच घेत न्हाई." हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही, म्हणून पुढं मूर्ख ठरले.

घरात राज्य मोठीमायचं. मोठीमाय म्हणजे आमच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ते थोरले चुलते मी जन्मायच्या कितीतरी आधी वारले होते. शेतातलं पेरणं, दाण्यांची वाटणी, कुणी काय खायचं नि कुणी कुणाकडं जायचं, सगळं तिच्या शब्दावर. आमचे वडीलसुद्धा तिच्यापुढं मान खाली घालून बोलायचे. आमी पोरी तर तिला टरकूनच असायचो, कारण तिचं येणं कधी कळायचं नाही. माय यायची तेव्हा आधी बांगड्या यायच्या, मग माय. तेवढ्या वेळात गुळाचा खडा गिळता यायचा. मोठीमाय एकदम पाठीशी उभी! "काय करायलीस गं?" की काळजाचं पाणी. तिचे पाय मांजराचे हायत असं मी सगळ्यांना सांगायचे.

मग धाकट्या काकाचं लग्न झालं नि काकू आली. पाथरीकडची, एकोणीस वर्षांची, बोलघेवडी. तिचा मामा हैदराबादेत कामाला होता, त्यानं लग्नात तिला तिकडच्या दीड डझन बांगड्या आणल्या होत्या. हिरव्याच, पण हिरव्याच्या आत बारीक सोनेरी ठिपके, आणि उन्हात धरली की कड करडईच्या तेलासारखी पिवळी दिसायची. आमच्या गावात बांगड्या भरायला एक म्हातारी मन्यारीण जिंतूरहून यायची. आक्कानं तिला तो रंग दाखवून विचारलं तर तिनं काकूचा हात हातात घेतला, उलटसुलट केला नि म्हणाली, "ये हैदराबाद का माल है बेटी. मेरेकू नक्को पूछो, इधर मिलताइच नहीं." आक्काचे डोळे असे लकाकले! गावात जे मिळतच नाही, ते आमच्या घरात एका हातावर किणकिणत होतं.

आणि किणकिणायचं तरी किती! काकू घरात कुठं आहे ते डोळे मिटून सांगता यायचं. आता पीठ मळायलीय, आता धुणं आपटायलीय, आता काकाला वाढायलीय. वाढताना आवाज जरा जास्तच यायचा, हे आक्कानं मला सांगितलं नि आमी दोघी तोंडात परकर कोंबून हसलो. दुपारी कामं आटोपली की काकू आमच्यात बसून काचापाणी खेळायची. बाई माणूस, लग्न झालेलं, पण "हालली" म्हणून भांडायला माझ्या वरचढ. मोठीमाय आली की तीही आमच्यासारखीच दचकायची. मला ती लय आवडायची. इतकी आवडायची की तिच्या बांगड्या वाढाव्यात म्हणून मी देवाला सांगत होते, ह्याची आता शरम वाटते.

धुण्याच्या दगडावर पहिली वाढली. काकूनं तुकडे ओल्या हातात घेऊन आक्काला हाक मारली, "ये गं सावकारीण, घे तुजा माल." दोन वर्षांत अशा सहा वाढल्या. सहा बांगड्यांचे वीस-बावीस तुकडे झाले असतील. आक्कानं ते एकदम बाजारात काढले नाहीत. एक काढायची, मग महिनाभर गप्प. पोरी विचारून विचारून थकायच्या. एका हैदराबादीला वीस साध्या काचा, असा भाव तिनं बसवला नि तो कधी उतरू दिला नाही. किराणा दुकानवाल्याच्या पोरीनं तर एकेक करत सात जमवल्या, नि ती त्या कानातल्याच्या डबीत कापसावर ठेवायची. आपल्या घरातल्या वाढलेल्या बांगडीला गावात असा मान आहे हे ऐकून काकूची छाती फुगायची. काकाला सांगायची, "तुमच्यापरीस माज्या काचाला किंमत हाय."

विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. कधी मोर्चा, कधी बंद, रस्त्यावर एसटी नाही. मोठी माणसं ओसरीवर आवाज खाली करून बोलायची, कुठल्या गावात कुणाची घरं जाळली ते सांगायची, आणि आमी गेलो की गप्प व्हायची. एकदा असंच वातावरण तापलं नि मन्यारीण कितीतरी दिवस बोरीकडं फिरकली नाही. नव्या बांगड्या नाहीत म्हणून बाया हातातल्या जपायला लागल्या, बांगड्या वाढेनात, नि काचांचा भाव चढला. हैदराबादीला चाळीस साध्या द्यायला पोरी तयार! माणसांची घरं जळत होती आणि मी डबा हलवून हलवून खूश होत होते. दहा वर्षांची होते, एवढंच म्हणते.

आमच्याकडं तेव्हा दोनच हैदराबादी उरल्या होत्या. मी म्हणाले, आताच काढ, चाळीस-चाळीस येतील. आक्का म्हणाली, थांब. मी म्हणाले, मी जिंकून आणलेल्या काचांवर तुझा धंदा उभाय, माझं ऐक. ती म्हणाली, थांब म्हटलं ना. त्यावरून आमची जुंपली नि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकट्या काकाला विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागला.

त्याला बैलगाडीतून आणलं ते मी पाहिलं, नि पुढचं मला पाहू दिलं नाही. आमाला दोघींना शेजारच्या घरी बसवलं. पण दोन घरांत भिंत एकच. दहाव्या दिवशीची गोष्ट. त्या भिंतीपलीकडं माझी माय रडायली होती, आणखी बाया रडायल्या होत्या, आणि मग मोठीमायचा आवाज आला, "सगळ्या भायेर व्हा. मी करते." आमच्याकडं हे काम विधवा बाईनंच करायचं. बाया बाहेर आल्या. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग दगडाखाली काच. आक्कानं माझ्या कानांवर हात ठेवले, पण तिच्या जाड बोटांच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं. मी इतकी वर्षं ज्या आवाजाची वाट बघायचे, तोच आवाज. मोठीमाय सगळं फडक्यात बांधून एकटीच ओढ्यावर गेली नि सोडून आली.

त्यानंतर आमच्या घरात दोन बाया झाल्या ज्यांचं येणं कळत नव्हतं.

काकू तीच होती, काम तेच करत होती, पण आवाज नाही. कुणाच्या तरी पाठीशी येऊन उभी राहायची नि माणूस दचकायचं. एकदा माय चुलीवरून दूध उतरवायली होती, मागं वळली तर काकू. पातेलं हातातून सुटलं. माय भाजली, कळवळली नि तोंडातून निघून गेलं, "आगं बाई, येताना खोकत तरी जा!" बोलली नि तिनं तिथंच जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. दुसऱ्या दिवसापासून काकू प्रत्येक दारात थांबून आधी खोकायला लागली. एकवीस वर्षांची बाई, म्हाताऱ्यासारखी खोकायची, मग आत यायची. पुढं पुढं तर आत यायचीच बंद झाली. मागच्या खोलीत जी बसायची ती बसायची. भाकरीचा चतकोर खायची. आक्का तिच्याजवळ जाऊन बसायची, तर एका दुपारी तिनं आपले दोन्ही रिकामे हात जोरात हलवून दाखवले नि म्हणाली, "बग. काय बी न्हाई. मी घरात हाय का न्हाई, मलाच कळंना झालंय गं."

आक्का बाहेर आली ती पायरीवर बसून राहिली.

तेवढ्यात हैदराबादीचा भाव कोसळला होता. गावातल्या सगळ्या आयांनी पोरींना दम भरला, त्या घरच्या काचा पहिल्या फेका, अपशकुनी हायत. बिचाऱ्या पोरी, ज्या काचांसाठी चाळीस-चाळीस मोजायला तयार होत्या त्या शाळेमागच्या बोराटीच्या कुंपणात टाकायला निघाल्या. मी कपाळाला हात लावला. आमच्या दोन काचा मातीमोल! आक्काला म्हणाले, "बग, थांब म्हनत हुतीस. आता बस बोंबलत." तिनं डबा काखेत मारला नि घरोघर फिरायला निघाली. हैदराबादी काचा परत घ्यायला.

बरं, घ्या. फेकायलाच निघाल्या होत्या, गोळा करून आणायच्या. पण माझ्या डोळ्यांदेखत ही बाई एकेका हैदराबादीला चाळीस साध्या मोजून द्यायला लागली! तेजीतला भाव! मी तिच्या मागं मागं, रडकुंडीला आलेली. लाल गेल्या, जांभळ्या गेल्या, चमकीवाल्या गेल्या. मी जिंकलेल्या, मी बोटं कापून लुटलेल्या. डब्यातल्या संपल्या तशा तिनं स्वतःच्या उशीखालच्या काढल्या. किराणावाल्याच्या पोरीनं कानातल्याची डबीच पुढं केली. "सात हायत. घिऊन जा आक्का, फुकट. माय घरात ठिवू देईना." आक्का म्हणाली, "फुकट नगं." आणि जवळ काही उरलं नव्हतं, तर डोक्याची नवी रिबीन सोडून तिच्या हातात दिली.

घरी येताना मी रस्त्यातच बसकण मारली नि ओरडले, "येडी हायस का तू? फुकट मिळायलं हुतं! फेकायल्या हुत्या त्या!"

आक्का थांबली. तिचे सुटलेले केस तोंडावर आले होते. म्हणाली, "फुकट घेतलं आसतं तर फेकलेलंच घेतलं आसतं. काकूच्या काचा फेकलेल्या न्हाईत. इकत घेतल्यात, चढ्या भावानं. गावातल्या समद्या पोरी सांगतील."

मी उठले नि तिच्यामागं चालायला लागले.

काचांचं तोरण करतात ते आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. चिमणीच्या ज्योतीवर बांगडीचा तुकडा धरायचा, मऊ झाला की वाकवायचा, दुसऱ्या कडीत अडकवायचा नि टोकं जुळवायची. लग्नघरात दारावर असली तोरणं असतात, वाऱ्यावर वाजतात. आमी दोघी गोठ्यात बसलो. आता मात्र तिची जाड बोटं कामाला आली. मी दोनदा भाजून बाजूला झाले, तिला चटकाच लागत नव्हता. लागत असेल, बोलत नव्हती. चार दुपारी बसून तीन सर केले, नि चौथ्या दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारावर टांगले, नेमके इतक्या खाली की येता-जाता कपाळाला, हाताला लागावेत. मग आक्का मागच्या खोलीत गेली नि काकूला म्हणाली, "काकू, जरा मीठ आनून देतीस का?"

काकू उठली. दारापाशी आली, सवयीनं थांबली, खोकायला तोंडाशी हात नेला, नि त्या हाताचा धक्का तोरणाला लागला.

किणकिण झाली. तोच आवाज. चुलीपुढं बसलेली माय मागं न बघताच म्हणाली, "आलीस का गं?" आणि मग तिच्या ध्यानात आलं नि ती चुलीपुढंच रडायला लागली. काकू दारातच उभी. वर बघत होती. ते पिवळसर हिरवं तिनं ओळखलं. तिनं हात पुन्हा वर केला नि मुद्दाम, सावकाश तोरणातून फिरवला.

"ह्ये काय लावलंय?"

मोठीमाय. पाठीशी. कधी आली देव जाणे. विधवा झालेल्या बाईच्या बांगड्यांच्या काचा, त्या पण तोरण करून दाराला! आता ती हे ओरबाडून काढणार नि आक्काला झोडपणार, ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती. काकूनं हात झटकन पदराखाली घेतला.

"कुनी केलं?"

"मी," आक्का म्हणाली. तेरा वर्षांची पोरगी, पण मान खाली घातली नाही. वडिलांना जे जमलं नाही ते तिनं केलं. "काकूच्या काचा हायत. समद्या जमा केल्यात."

"समद्या?"

"व्हय. सहा बांगड्यांच्या. बारा तुमी... बारा वाढवल्या, त्या वड्यात गेल्या. ऱ्हायलेल्या ह्या."

मोठीमाय आपल्या खोलीत गेली. तिची पेटी उघडल्याचा आवाज आला, कुलपाचा, कडीचा. काकूनं माझा हात धरला होता, तिची नखं मला रुतत होती. मोठीमाय बाहेर आली ती मूठ मिटून. आक्कापुढं उघडली. तळहातावर एक अख्खी बांगडी. हिरवी, आत सोनेरी ठिपके.

"बारा हुत्या," मोठीमाय म्हणाली. "अकराच वाढल्या. मदी लाव ही."

काकू मटकन खाली बसली नि महिनाभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. माय तिच्याजवळ गेली. आक्कानं बांगडी मधल्या सराच्या शेवटी दोऱ्यानं बांधली. ही एक मात्र तिनं ज्योतीवर धरली नाही. मोठीमायनं तांब्या घेतला नि पाणी आणायला म्हणून त्या दारातून आत गेली. तोरण वाजलं. परत बाहेर आली. वाजलं. मग चूल विझलीय का बघते म्हणाली, चूल तर माझ्या डोळ्यांपुढं जळत होती, नि पुन्हा गेली, पुन्हा आली. तिला मांजराचे पाय नव्हते हे मला त्या दुपारी कळलं. किती वर्षं तिचे हात रिकामे होते, कुणी मोजलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला तिनं काही निमित्त सांगितलं नाही, आणि तिच्या हातात तांब्याही नव्हता.